दोन सखाराम आणि एक ट्रंक कागद

आमचे गाव मंगरूळपीर तालुक्यातले. घराण्याची वंशावळ मी संगणकावर प्रथम लिहिली ती साध्या रकान्यांच्या तक्त्यात: नाव, वडिलांचे नाव, जन्म, मृत्यू. माहिती कोणत्या कागदावरून घेतली याचा रकानाच त्यात नव्हता, आणि ही चूक किती मोठी आहे ते सखाराम या नावापाशी आल्यावर कळले. कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीच्या, नकलेत ‘सखाराम वल्द गणू’ (गणूचा मुलगा सखाराम) 1918 च्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या, साथीत वारल्याची नोंद आहे. घरातले वडीलधारे आबाजी यांच्या ट्रंकेतल्या 1926 च्या खरेदीखतावर मात्र ‘सखाराम वल्द गणू’ याचाच अंगठा आहे. मेलेल्या माणसाने आठ वर्षांनी शेत विकले असे माझा तक्ता निमूटपणे सांगत होता, कारण मी दोन माणसांना एक करून टाकले होते. त्यांना पुन्हा वेगळे करायला बसलो, तेव्हा कोणता तपशील कोणत्या कागदातला हे माझे मलाच सांगता येईना.

त्यानंतर मी ग्रॅम्प्स हे वंशावळीसाठीचे, मोफत मिळणारे सॉफ्टवेअर घेतले. त्यात माणूस, घटना, ठिकाण आणि साधन (माहिती जिथून घेतली तो कागद) यांच्या नोंदी स्वतंत्र असतात व त्या एकमेकींना जोडाव्या लागतात. मी क्रम उलटा केला: आधी कागदाला क्रमांक, मग त्याची स्कॅन प्रत, मग त्यातला मजकूर जसाच्या तसा, आणि सर्वांत शेवटी माणूस. प्रत्येक दाखल्याची विश्वासार्हता पाच पायऱ्यांत नोंदवण्याची सोय तेथे आहे. आबाजींच्या तोंडी हकिकतीला मी खालची पायरी दिली, याचे घरात थोडे वाईट वाटले. पण मृत्यूची नोंद साथीच्या दिवसांतच झाली होती आणि आबाजी ती हकिकत सत्तर वर्षांनी सांगत होते, एवढाच त्याचा अर्थ.

नावांचे काम सर्वांत किचकट. आमच्याकडच्या जुन्या नोंदींत पुष्कळदा आडनाव नसते. पुरुषापुढे ‘वल्द’ आणि बाईपुढे ‘जौजे’ (म्हणजे अमक्याची बायको) एवढ्यावर काम भागते. जन्माच्या नोंदीत तर बापाचे नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच सापडते. अशा वेळी ओळखीचे नाव लिहून मोकळे होण्याचा मोह आवरावा आणि जागा रिकामी ठेवावी. बायकांचे माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे एकाच व्यक्तीखाली ठेवता येतात, ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण लग्नात नाव बदललेल्या आमच्या पणज्या जुन्या तक्त्यात निम्म्याने हरवल्या होत्या.

तारखांच्या बाबतीत सॉफ्टवेअर अपुरे पडते. त्यात इस्लामी, हिब्रू, पर्शियन कालगणना आहेत, पण शक नाही. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो असे आपण सरसकट धरतो. पण वर्ष चैत्रात बदलत असल्यामुळे माघ-फाल्गुनासाठी 79 मिळवावे लागतात. माघ शके 1839 चा जन्म म्हणजे 1918 सालचा. मी तो 1917 लिहून ठेवला होता. आता इसवी तारखेशेजारी कागदावरचे मूळ शब्दही लिहितो.

ठिकाणांचे मात्र समाधान झाले. आमचे गाव जागचे हलले नाही, तरी 1905 पर्यंत ते जुन्या वाशीम जिल्ह्यात होते, मग अकोल्यात गेले आणि 1 जुलै 1998 पासून पुन्हा वाशीम जिल्ह्यात आले. जिल्ह्याच्या वर क्रमाने वऱ्हाड, मध्यप्रांत व वऱ्हाड, मध्यप्रदेश, मुंबई राज्य आणि 1960 नंतर महाराष्ट्र. एकाच ठिकाणाला कालमर्यादेसह हे सगळे वरचे थर जोडता येतात. कोणत्या काळातला कागद कोणत्या कचेरीत मागायचा, हे त्यामुळे नकलेचा अर्ज करण्याआधीच दिसते.

एक फजितीही सांगतो. ग्रॅम्प्स चित्रे स्वतःजवळ ठेवत नाही, फक्त ती कुठल्या फोल्डरमध्ये आहेत तो पत्ता ठेवते. मी फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवले आणि सगळ्या नकला एकदम दिसेनाशा झाल्या. त्यानंतर चित्रांसकटची प्रत वेगळी काढून ती अमरावतीला बहिणीकडे ठेवतो. जेडकॉम या सर्वमान्य स्वरूपातली प्रतही काढतो. तिच्यात चित्रे जात नाहीत, पण दुसऱ्या सॉफ्टवेअरला ती वाचता येते. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही फॉन्टवर न अडणाऱ्या अक्षरपद्धतीतच हवा. चुलत्यांनी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली चाळीस पाने आज तो फॉन्ट नसलेल्या कोणत्याही संगणकावर निव्वळ रोमन अक्षरांचा गोंधळ म्हणून उघडतात, आणि ती मी छापील प्रतीवरून पुन्हा टाइप करीत आहे.

दोन्ही सखाराम सध्या वेगवेगळे ठेवले आहेत. दोघांचे वडील एकच गणू होते की दोन, हे 1926 च्या खरेदीवरून झालेल्या फेरफारात (जमिनीची मालकी बदलल्याच्या नोंदीत) कदाचित दिसेल. त्याच्या नकलेसाठी गेल्या सोमवारी अर्ज दिला आहे.