वही नीट ठेवणारी माणसं

गेले दोन महिने रात्री जेवणं आटपली की गॅलरीत बसून मी जुन्या कादंबऱ्या वाचतेय, गोऱ्या साहेबांनी परमुलखात जे काही केलं त्यावरच्या, आणि आज लिहायला बसले कारण एक माणूस डोक्यातून जातच नाहीये.

कॉनरॅडच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस' या आफ्रिकेतल्या हस्तिदंताच्या लुटीवरच्या कादंबरीतला, व्यापारी कंपनीचा हिशोबनीस. सगळ्यांना त्यातला कुर्ट्झ आठवतो, हस्तिदंतापायी माणसांची डोकी खांबांवर लावणारा. मला हा दुसराच जास्त भयानक वाटला. बाहेर झाडांखाली कामाला जुंपलेली माणसं मरायला टेकलीयेत आणि हा कडक इस्त्रीची कॉलर घालून वही लिहितोय, खोलीत एक आजारी एजंट आणून ठेवलाय तर त्याच्या कण्हण्यामुळे हिशोबात चुका होतील अशी तक्रार करतोय! कॉनरॅड स्वतः 1890 साली काँगोत बोटीवर काम करून आला होता, तो मुलूख तेव्हा बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाची जवळजवळ खाजगी इस्टेट होता, आणि गोष्ट छापून आली 1899 ला, म्हणजे हे सगळं नुसत्या कल्पनेतून आलेलं नाही.

मग हाती लागलं 'मॅक्स हॅवेलार'. 1860 ची डच कादंबरी, लिहिणारा डेकर हा जावामधला (आजच्या इंडोनेशियातलं बेट, तेव्हा डचांच्या ताब्यात) सरकारी अधिकारी, तिथल्या जुलमाविरुद्ध तक्रार केली, कुणी ऐकेना म्हणून नोकरी सोडली आणि मुलतातुली या नावाने पुस्तक लिहिलं (लॅटिनमध्ये अर्थ साधारण 'मी खूप सोसलंय'). यात कॉफीचा एक दलाल आहे, ॲमस्टरडॅममध्ये राहणारा, देवळात जाणारा, सचोटीचा, कविता आणि कादंबऱ्या म्हणजे खोटेपणा असं ठाम मानणारा. जावातल्या शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीवर सरकारसाठी कॉफी आणि ऊस लावायला भाग पाडायचे, त्यातून याची कॉफी येते, पण याला त्यात काही वावगं दिसतच नाही. त्याच पुस्तकात सैजा नावाच्या पोराची गोष्ट आहे. त्याच्या बापाचा रेडा वरचे लोक ओढून नेतात, बाप वाडवडिलांची कट्यार विकून दुसरा आणतो, तोही नेतात, मग चांदीच्या कड्या विकून तिसरा. लेखक मधेच म्हणतो की माझी गोष्ट एकसुरी आहे. तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं, कारण लूट तशीच असते ना, रोज तेच तेच.

आणि सैजाला नाव आहे, त्याला प्रेम आहे, तो बोलतो. कॉनरॅडच्या आफ्रिकन माणसांना हे जवळपास मिळत नाही, नायजेरियन कादंबरीकार आचेबेनं 1975 च्या भाषणात नेमकं यावरच बोट ठेवलं, आणि मला त्याचं पटतं, पुस्तक कितीही आवडलं तरी. आपल्याकडचं बंगाली 'नीलदर्पण' पण 1860 चंच, नीळवाल्या साहेबांवरचं नाटक, त्यात रयत आपल्या बोलीत बोलते. त्याचं इंग्रजी भाषांतर छापल्याबद्दल पाद्री लाँग यांना एक महिना तुरुंग आणि 1000 रुपये दंड झाला! म्हणजे झोंबलं होतं.

आता हे सगळं मला एवढं का लागलं ते सांगते. आमच्या खापरपणजोबांबद्दल आजी अभिमानाने सांगायची की ते इथे इंदूरला अफूच्या वखारीत कारकून होते, अक्षर मोत्यासारखं, एका पैशाची चूक नाही. लहानपणी ऐकून छान वाटायचं. माळव्याची अफू इथे वजन होऊन, ईस्ट इंडिया कंपनीला पासाचे, म्हणजे परवान्याचे, पैसे भरून मुंबईला जायची आणि तिथून चीनला, जिथे ती विकायला बंदी होती. पेटीमागे 125 रुपये असलेला हा कर, सिंध जिंकून कराचीची वाट, जिथून हा कर चुकवून अफू जायची, इंग्रजांच्या हातात आली तसा वाढत वाढत 1847 पर्यंत 400 वर गेला. खसखशीच्या शेतात राबणाऱ्याला त्यातलं काय मिळालं असेल, आणि तिकडे ओढणाऱ्याचं काय झालं, हे वखारीच्या कुठल्या वहीत लिहिणार?

खापरपणजोबा वाईट होते असं मला म्हणायचं नाहीये, त्यांना घर चालवायचं होतं. पण परवा इथल्या जुन्या इंग्रज रेसिडेन्सीच्या रस्त्यावरून येताना मला सारखे तेच दिसत होते, पागोटं, बोरू, समोर पेट्यांची रांग. घरात माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत त्यांचे मोडीतले कागद आहेत, मला मोडी येत नाही, आत्याला थोडी येते. दिवाळीत ती आली की ट्रंक खाली काढायची असं ठरवलंय.