तुम्ही विचारलंत म्हणून: नवरा पंचायतीत शिरतो कुठून?

"बाई ग्रामपंचायतीची अध्यक्ष झाली तरी कारभार नवराच बघतो ना? मग आरक्षणाचा उपयोग काय?" बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठंही जा, हाच प्रश्न.

बघतो. बऱ्याच ठिकाणी बघतो. पुरुष अध्यक्षाचा कारभार कंत्राटदार बघत असला तर मात्र कुणी विचारत नाही, असो. कर्नाटकानं 1983च्या कायद्यातच बायकांना 25 टक्के जागा दिल्या, 2010पासून निम्म्या. एवढ्या वर्षांत नवरा घरीच का राहिला नाही, याचं उत्तर भाषणांत नाही, वहीत आहे.

बैठकीआधी नडवळीची, म्हणजे बैठकीच्या इतिवृत्ताची, वही फिरते. वर तारीख, खाली नावं, समोर सह्या. ही सही हजेरीची. बैठक संपते, चहा होतो, बायका चुलीच्या घाईनं उठतात, आणि ठराव मागाहून लिहिले जातात. दोन ठरावांमध्ये चार ओळी मोकळ्या सोडल्या की तिथं तिसरा ठराव मावतो: गटार, बोअरवेल, कुणाचं तरी अडलेलं बिल. अध्यक्षांची सही घरी वही पाठवून घेतात. पुढं लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की खुलासा सही करणाऱ्या बाईलाच मागतात. तेव्हा "मला ठाऊक नव्हतं" म्हणून भागत नाही.

उपाय अवघड नाही. प्रत्येक ठराव बैठकीतच लिहून घ्यायचा, मोठ्यानं वाचून मराठीत सांगायला लावायचा. मोकळ्या जागेवर तिरपी रेघ मारायची. शेवटी "एकूण ठराव सात" असं अक्षरात लिहून त्याला चिकटून सही करायची. पानाचा फोटो आपल्याच मोबाईलवर. पैसे काढायला पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) आणि अध्यक्ष दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. त्या सहीची यूएसबी किल्ली कॉम्प्युटर ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये आणि पिन तिच्यावरच्या चिठ्ठीवर, असं असेल तर अध्यक्ष तो ड्रॉवरच आहे. किल्ली स्वतःकडे ठेवायची, पिन बदलायचा. आणि नोंदवलेला मोबाईल नंबर कुणाचा आहे तेही बघायचं. बहुतेकदा नवऱ्याचाच निघतो.

हे सगळं सांगून झालं तरी गाडी अडते, कारण वही कन्नडात. बाई मराठी शाळेत शिकलेली, पेपर घडाघडा वाचणारी, पण इथं अंगठेबहाद्दरासारखी बसते. नवराही मराठी शाळेतलाच, पण बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला, बाजारात, कचेऱ्यांत फिरून त्याला कन्नड पाट्या वाचता येतात. म्हणून तो शेजारी खुर्ची ओढतो. त्याला हाकलून द्या म्हणणं सोपं आहे. मग वही वाचणार कोण?

पूर्वी मीच ठासून सांगायचे, कन्नड अक्षरओळख करून घ्या, दोन महिन्यांचं काम आहे. अक्षरं येतातही. पण सरकारी कन्नड हे बोलण्यातल्या कन्नडापेक्षा वेगळंच; तिथं शेजारची कन्नड घरातली बाईसुद्धा अडखळते. शिवाय जिथं 15 टक्क्यांहून जास्त लोक अल्पसंख्याक भाषेचे आहेत तिथं कागद त्यांच्या भाषेतही मिळावेत, ही मागणी सीमाभागात जुनीच. ती सोडून बाईनंच शिकायचं का? आणि ती मान्य होईपर्यंत सह्या डोळे झाकून करायच्या का? दोन्हीकडून मला माझंच बोलणं पटत नाही.

त्यात अध्यक्षपद 30 महिन्यांचं. पहिलं वर्ष वही, किल्ली, रोजगार हमीचे कागद समजण्यात जातं. जरा हात बसतो तोवर पद दुसऱ्या प्रवर्गाकडं. पुढच्या निवडणुकीत वॉर्ड सामान्य होतो. कायद्यानं सामान्य जागेवर बाईही उभी राहू शकते. गावात मात्र सामान्य म्हणजे पुरुषांची, असाच अर्थ लावतात. वही वाचायला शिकलेली बाई घरी बसते, आणि नव्या बाईबरोबर नवा नवरा खुर्ची ओढतो.