सेल्मा ते माँटगोमेरी, गात गात

नवरा गेल्यानंतर बरेच महिने मला प्रार्थना करता येत नव्हती. देवावर रुसले होते असं नाही. रविवारची उपासना चुकत नव्हती, प्रभुभोजन घेत होते, पवित्र शास्त्र उघडत होते. पण गुडघे टेकले की तोंडातून शब्द निघायचा नाही. त्या काळात चालू राहिली ती फक्त गाणी. गाडी चालवताना, भांडी घासताना मी महालिया जॅक्सन या कृष्णवर्णीय गायिकेची भजनं लावायचे आणि ती माझ्या वतीने देवाशी बोलायची. माझ्याने जे म्हणवत नव्हतं ते ती म्हणायची, मी नुसती मान हलवायचे. तेवढीच माझी प्रार्थना.

मी ज्या मंडळीत जाते तिथे बहुतेक जण कृष्णवर्णीय अमेरिकन आहेत. क्वायरमधल्या, म्हणजे चर्चच्या गायनवृंदातल्या, बायकांनी सेल्मा ते माँटगोमेरी पायी जायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या सिस्टर माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "तू चल. बोलू नकोस, गाऊही नकोस. नुसती आमच्याबरोबर चाल." दुःखात असताना लोक खूप काही सांगतात. कुणी मला इतकं थोडं मागितलं नव्हतं, म्हणून मी हो म्हटलं.

अलाबामा राज्यातली ही वाट 54 मैलांची आहे, म्हणजे साधारण 87 किलोमीटर. 1996 पासून तिला राष्ट्रीय ऐतिहासिक मार्गाचा दर्जा आहे. तिच्या शेवटी कुठल्या संताची समाधी नाही की कुठला अवशेष नाही. तरी आमच्या बायका तिला तीर्थयात्राच म्हणतात आणि चालल्यावर मलाही दुसरं नाव सुचत नाही. 1965 साली कृष्णवर्णीय माणसं मतदानाचा हक्क मागायला या रस्त्याने राज्याच्या राजधानीकडे, माँटगोमेरीकडे निघाली होती. मार्चच्या 7 तारखेला, रविवारी, सुमारे 600 जण निघाले आणि सेल्मातला पूल ओलांडताच पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवून त्यांना मागे रेटलं. दोन दिवसांनी मार्टिन ल्यूथर किंग लोकांना घेऊन पुन्हा पुलापलीकडे गेले, पोलिसांसमोर गुडघे टेकून प्रार्थना केली आणि परत फिरले. 21 मार्चला तिसऱ्यांदा निघाले ते मात्र पोचले.

हे सगळं चर्चमधून सुरू झालं होतं. सेल्मातलं ब्राउन चॅपल हे लाल विटांचं, दोन मनोऱ्यांचं देऊळ 1908 सालचं. लोक तिथे जमायचे, आधी गायचे, मग बोलायचे आणि मग रस्त्यावर उतरायचे. आम्हीही त्याच्याच समोरून निघालो. पुलाला एडमंड पेट्टस या गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनापतीचं नाव आहे आणि ते कमानीवर मोठ्या अक्षरांत अजून तसंच आहे. पुलाला मध्ये उंचवटा आहे. चढताना पलीकडचं काही दिसत नाही, माथ्यावर आलं की पुढचा रस्ता एकदम नजरेत येतो. 7 मार्चला इथे पोचलेल्यांना समोर गणवेशांची भिंत दिसली असेल. आमच्यातल्या एका बाईचे काका त्या गर्दीत होते. माथ्यावर ती थांबली, कठड्याला हात लावला आणि खालच्या पट्टीत एक जुनं भजन धरलं. बाकीच्या तिला मिळाल्या.

इथे थोडं या गाण्यांबद्दल सांगायला हवं. गुलामगिरीत शेतांवर जन्मलेली जी भजनं आहेत, ज्यांना स्पिरिच्युअल म्हणतात, त्यांचा कर्ता कोण ते कुणालाच माहीत नाही. ती जगापुढे आली नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांमुळे. 1871 साली, आपली कर्जात बुडालेली शाळा वाचवायला, ती मुलं गावोगाव गात निघाली. गॉस्पेल त्याच्या पुढचं. विसाव्या शतकात दक्षिणेतून शिकागोसारख्या शहरांत गेलेल्या लोकांचं. त्याला कर्ते आहेत, आणि त्यांतला सगळ्यांत मोठा थॉमस डॉर्सी. बाप उपदेशक, पण मुलगा ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या ऐहिक सुखदुःखाच्या गाण्यांच्या, बैठकींत पियानो वाजवायचा. ती ब्लूजची लचक त्याने देवाच्या गाण्यात आणली. सुरुवातीला अनेक चर्चना ते खपलं नाही.

डॉर्सीची गोष्ट मला ठाऊक होती, पण ती मी खरी ऐकली महामार्ग 80च्या कडेला, पहिल्या विसाव्याला, बूट काढून बसलेली असताना. सिस्टर सांगत होत्या. 1932 साली तो सेंट लुईसला एका सभेत गायला गेला होता. घरी बायको, नेट्टी, दिवस भरलेली. तिथे त्याला तार आली: बायको बाळंतपणात गेली. धावत घरी आला तर मुलगा जन्मलेला. आणि मग तेही बाळ गेलं. दोघांना एकाच पेटीत पुरलं. त्या दुःखातून थोड्याच दिवसांत, एका जुन्या चालीवर, त्याने ते गाणं लिहिलं ज्यात माणूस प्रभूला एवढंच म्हणतो की माझा हात धर, मी थकलोय, मला घरी ने.

"त्यात 'का' नाही," सिस्टर म्हणाल्या. "तो विचारू शकला असता. त्याने फक्त हात मागितला."

किंगना हे गाणं फार प्रिय होतं. 4 एप्रिल 1968च्या संध्याकाळी, गोळी लागण्याच्या काही क्षण आधी, मेम्फिसमधल्या मोटेलच्या गॅलरीतून त्यांनी एका वादकाला सांगितलं होतं की आज रात्री सभेत हेच वाजव, छान वाजव. पाच दिवसांनी अंत्यविधीला ते महालियाने गायलं. माझ्या नवऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. शेवटच्या आठवड्यांत तो कानाला फोन लावून तेच ऐकायचा आणि पलंगाच्या लोखंडी दांडीवर बोटांनी ताल धरायचा. मी ते विसरले होते. विसरले म्हणण्यापेक्षा, त्या खोलीतलं काहीच आठवायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून चालणं खरं जड झालं. शेतं, पाइनची झाडं, मधूनच ओढा, आणि बाजूने सुसाट जाणारे ट्रक. आम्ही एकामागे एक रस्त्याच्या कडेने, मागे आमची व्हॅन दिवे लावून. तळपायाला फोड आले. अशा वेळी गाणं काय करतं ते पायांना कळतं. एक बाई ओळ टाकते, बाकीच्या ती ओढून लांबवतात, तेवढ्यात वीस-पंचवीस पावलं पडून जातात. ही ओळ टाकून म्हणण्याची रीत जुनी आहे. पुस्तकं मोजकी, वाचता येणारे त्याहून कमी, तेव्हा पुढचा एक जण ओळ सांगायचा आणि मंडळी ती उचलायची. टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. समेवर टाळी द्यायला शिकलेल्या माझ्या हातांना ते सुरुवातीला उलटं वाटलं. पण चालताना पाऊल पहिल्या-तिसऱ्यावर पडतं, टाळी त्याच्या मधल्या जागेत, आणि मग अंग आपोआप पुढे ढकललं जातं. हा ताल बसून शिकण्यापेक्षा चालून लवकर अंगात मुरतो.

मधला मोठा टप्पा लाउंड्स काउंटीचा. 1965च्या सुरुवातीला इथे पाचांतले चार रहिवासी कृष्णवर्णीय होते आणि मतदारयादीत त्यांच्यातलं एकही नाव नव्हतं. तेव्हा इथला रस्ता दोनच पदरी होता आणि न्यायालयाने एवढ्या भागात फक्त 300 जणांना चालायला परवानगी दिली होती. ते पावसात भिजले, चिखलात तंबू ठोकून झोपले. ज्यांच्या शेतांवर ते राहिले त्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून जागा दिली होती. पुढे नाव नोंदवलं म्हणून अनेक कुळांना जमीनदारांनी घराबाहेर काढलं आणि ती कुटुंबं तंबूंत राहिली. त्या तंबूंच्या जागी आता एक संग्रहालय आहे. आत फार वेळ थांबवलं नाही मला. इतके फोटो, इतके चेहरे, मी बाहेर येऊन गवतावर बसले.

त्याच रस्त्यालगत, जराशा उंचावर, व्हायोला लिउझो यांचा स्मृतिदगड आहे. डेट्रॉइटच्या, पाच मुलांच्या आई, वय 39. मोर्चा पोचल्यावर माणसांना गाडीने परत सोडत होत्या. 25 मार्चच्या रात्री कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेच्या लोकांनी त्यांना चालत्या गाडीतून गोळ्या घातल्या. आम्ही दगडाभोवती कडं केलं.

तिथे प्रार्थना केली आमच्याबरोबरच्या एका वृद्ध डीकनने, म्हणजे मंडळीच्या सेवकाने. त्यांच्याकडे ही प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या तोंडी आलेली आहे, अर्धी बोललेली, अर्धी गायलेली. प्रभू, आज सकाळी तू मला उठवलंस म्हणून तुझे उपकार. माझं भान शाबूत ठेवलंस म्हणून उपकार. माझं पांघरूण रात्रीत माझं कफन झालं नाही, माझा बिछाना माझ्या मढ्याची फळी झाली नाही, म्हणून उपकार. प्रत्येक ओळीला बायका खालून हुंकार भरत होत्या, आणि हळूहळू त्या हुंकारांचंच गाणं झालं.

मढ्याची फळी हे शब्द ऐकून मी आतून आक्रसले. माझ्या घरी बिछान्याची तीच फळी झाली होती. हे मी कशी म्हणू? पण त्या कड्यात असं कोण होतं ज्याच्या घरी ती झाली नव्हती? डीकनने दोन मुलगे पुरलेत. सिस्टरचा नवरा गेलेला. ज्या लोकांनी ही प्रार्थना घडवली त्यांना उद्याचा दिवस आपला असेल, आपली मुलं आपल्याजवळ असतील, याचीही खात्री नव्हती. काही नीट चाललंय म्हणून ते आभार मानत नव्हते. रात्र संपली आणि प्रभू अजून सोबत आहे, एवढ्यावर त्यांचे आभार सुरू व्हायचे. तुरुंगात पाय खोड्यात अडकलेले असताना मध्यरात्री येशूचे प्रचारक पौल आणि सीला गात होते, ते मी लहानपणापासून ऐकत आले होते. बेड्या गळाल्या तो चमत्कार, असंच मला शिकवलेलं. त्या दगडाजवळ मला वाटलं की बेड्या गळण्याआधी ते गायले, चमत्कार तिथेच होऊन गेला होता.

आणि मग माझ्या तोंडून आलं. मराठीतच आलं. "प्रभू, त्याची बोटं दांडीवर ताल धरत होती, म्हणून तुझे उपकार." बस, एवढंच. कुणाला अर्थ कळला नाही, पण खालून हुंकार तसाच आला, जसा बाकीच्यांच्या ओळींना येत होता. सिस्टरने माझा दंड धरला. मी खूप रडले, आणि रडता रडता पुढची ओळही आली, तिच्यापुढचीही. ती नर्स जी पहाटे माझ्यासाठी खुर्ची घेऊन आली. शेवटच्या रात्री त्याला दम लागला नाही. मुलगा वेळेवर पोचला. माझ्याकडे इतके उपकार साठले होते आणि मी त्यांच्यावर वर्षभर दार लावून बसले होते. दुःख कमी झालं नाही. ते तिथेच होतं, पण आता त्या खोलीत मला जाता येत होतं.

त्यानंतरची वाट मी गात गेले. शास्त्रात स्तोत्र 120 ते 134 ही पंधरा आरोहणस्तोत्रं आहेत, यरुशलेमकडे चढून जाताना म्हणायची. आमच्या बायकांनी त्यातलं 121वं आपल्या चालीत बसवलंय. माझी दृष्टी पर्वतांकडे, माझं साहाय्य कुठून येणार? प्रश्न एक जण विचारते आणि उत्तर सगळ्या मिळून देतात. एकटीने म्हटलं तर ते स्तोत्र अर्धंच होतं असं मला आता वाटतं.

माँटगोमेरीच्या सीमेवर सेंट ज्यूड नावाचा कॅथलिक परिसर आहे, तिथे मोर्चाचा शेवटचा मुक्काम होता. 24 मार्चच्या रात्री गायक हॅरी बेलाफाँटे यांनी तिथे मोठे मोठे गायक आणले. व्यासपीठ मिळेना, म्हणून शवपेट्यांच्या खोक्यांवर फळ्या टाकून रंगमंच उभारला. नीना सिमोन त्यावर उभी राहून गायली. सिस्टर म्हणाल्या, "बघ, आमचं गाणं कशावर उभं आहे." दुसऱ्या दिवशी राज्याच्या कॅपिटॉलसमोर, म्हणजे विधानभवनासमोर, 25,000 माणसं जमली, आणि ऑगस्टच्या 6 तारखेला मतदान हक्काच्या कायद्यावर सही झाली.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती. किंग जिथे पाळक होते ते डेक्स्टर अव्हेन्यूचं चर्च कॅपिटॉलपासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या पायऱ्यांजवळ आम्ही डॉर्सीचं गाणं म्हटलं, सगळी कडवी. पर्यटक थांबले, एका पोलिसाने टोपी काढली. माझा आवाज दुसऱ्या कडव्यात फुटला, शेजारच्या बाईने माझी पट्टी उचलून धरली आणि पुढच्या ओळीला मी परत तिच्यात मिसळले.

पुढच्या रविवारी मला मंडळीसमोर साक्ष द्यायला सांगितलं. मी हेच सगळं सांगितलं, थोडक्यात. आता क्वायरमध्ये अल्टोच्या, म्हणजे बायकांतल्या खालच्या आवाजाच्या, रांगेत उभी असते, गुरुवारी सराव असतो. सकाळी उठल्यावर डीकनच्या त्या ओळींपासून सुरू करते, आणि पुढे माझ्या ओळी येतात. कधी येत नाहीत. तेव्हा महालिया लावते आणि तिच्याबरोबर म्हणते.