न विचारता

रविवार, रात्री

भाचीने गच्चीवर पायानेच १६ किलोची केटलबेल बाजूला सरकवली आणि १२ची माझ्यापुढे ठेवली. "मावशी, पुढचे दोन राऊंड हिच्यावर." एवढंच. मग पुन्हा घड्याळाकडे बघायला लागली.

पिवळी गेली, निळी आली. स्पर्धेच्या मापाच्या स्टीलच्या केटलबेल, म्हणजे वर मूठ असलेले वजनाचे गोळे. त्यांत वजन काहीही असो, गोळा तेवढाच असतो, फरक रंगाचा. शेजारच्या इमारतीतून कोणी बघत असतं तर त्याला काही कळलंही नसतं. मला मात्र दुपारी भांडी घासतानाही तो निळा रंग दिसत होता.

वजन कमी करायला माझी ना नाही. विचारलं असतं तर मीच घेतली असती, कदाचित. हा 'कदाचित' खोडणार होते, पण राहू दे.

वजन उतरवायची कारणं मोजकी असतात आणि ती तिलाही माहीत आहेत, मलाही. बेलचा वेग पडला, पाठीचा आकार बिघडला, मूठ सुटायला लागली, किंवा सांध्यात टोचलं. दमणं हे कारण नव्हे. सर्किट, म्हणजे एकामागोमाग व्यायामांची फेरी, दमवण्यासाठीच असतं. मग यातलं नेमकं काय दिसलं तिला? तिच्या फोनवरचा दुसऱ्या राऊंडचा व्हिडिओ मागवून घेतला आणि बसले बघत.

आधी स्विंग, म्हणजे बेल पायांमधून छातीपर्यंत झुलवणं. बेल पायांच्या पुढे फूटभर, पाय खांद्यांहून किंचित रुंद. गुडघे थोडेच वाकतात, कुल्ले मागे जातात, ही बैठक नव्हे. पाठ म्हणजे लोखंडी पेटीचं झाकण, बिजागरीत हलेल, मधोमध वाकणार नाही. बेल मागे न्यायची ती गुडघ्यांच्या बरीच वरून, मनगटाच्या वरचा हात मांडीच्या आतल्या बाजूला टेकेपर्यंत. ती गुडघ्यांखाली लोंबायला लागली की भार थेट कमरेवर येतो. मग कुल्ले आवळून झटक्यात सरळ उभं राहायचं, त्याच क्षणी तोंडाने आखूड उच्छ्वास. हातांनी फक्त धरून ठेवायचं. बेल छातीपर्यंत येते ती खुब्याच्या झटक्याने. वर पोचल्यावर हात आणि बेल एका रेषेत दिसले पाहिजेत. बेलचा तळ खाली झुकलेला दिसला तर समजावं की खांदे उचलतायत. आणि वर मागे कलायचं नाही. पुष्कळ लोक तिथे पोट पुढे काढतात, त्यांना वाटतं जोर लागला. तो जोर मणक्यांच्या सांध्यांवर लागलेला असतो.

व्हिडिओत रेषा सरळ आहे. दहाव्या स्विंगपर्यंत अगदी सरळ. त्यानंतर बोटं उघडायला लागलेली दिसतात, मूठ तळव्याकडून बोटांच्या टोकांकडे सरकते आणि बेल किंचित उशिरा वळते. खुबा तसाच झटकतोय. म्हणजे सुटतेय ती मूठ.

मूठ का सुटली हे शोधायला व्हिडिओ लागत नाही, तिने लिहिलेला कागद पुरतो. गॉब्लेट बैठका (बेल छातीशी धरून) ८, प्रेस (बेल डोक्यावर ढकलणं) प्रत्येक हाताने ५, जोर ८, रो (वाकून बेल कमरेकडे ओढणं) ८-८, स्विंग १५, मग एका हातात बेल घेऊन गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, हात बदलून परत. चार राऊंड, मध्ये ९० सेकंद. शेवटचे तीन बघा. रो, स्विंग, कॅरी. तिन्ही मुठीवर, एकामागोमाग एक. मांड्या, कुल्ले, पाठ, श्वास सगळं शिल्लक असताना पंजा आधी संपतो आणि बघणाऱ्याला वाटतं माणूस संपला. सर्किटचा साधा नियम आहे. जे स्नायू आत्ता राबले त्यांना पुढच्या व्यायामात सुट्टी. जोर रो आणि स्विंगच्या मध्ये टाकले असते तर तळवे उघडे राहून जमिनीवर टेकले असते, बोटांना अर्ध्या मिनिटाची उसंत मिळाली असती.

त्यात ठाण्याचा ऑक्टोबर. घाम येतो आणि वाळतच नाही. घाम वाळला नाही की अंग निवत नाही, आणि तेवढ्याच कामाला छातीची धडधड जास्त. पकडीसाठी हाताला चॉकची पूड लावावी तर तिसऱ्या राऊंडला तिची लापशी झालेली असते. त्यापेक्षा सुती नॅपकिन बरा, दर राऊंडला हात आणि मूठ दोन्ही पुसायचे. या हवेत ९० सेकंदांचा हट्ट धरू नये. खूण वेगळी आहे. एक पूर्ण वाक्य मध्ये श्वास न घेता बोलता आलं की पुढचा राऊंड सुरू. 'मला का नाही विचारलंस' हे वाक्य मला आरामात बोलता आलं असतं. दम पुरत होता.

बोलले नाही.

प्रेस. इथे मी व्हिडिओ दोनदा मागे नेला. बेल हनुवटीखाली मुठीत, कोपर बरगडीला लागून, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात उभा, मनगट सरळ. कुल्ले घट्ट, बरगड्या खाली दाबलेल्या. बेल किंचित बाहेरून वर जाते, शेवटी दंड कानाजवळ आणि कोपर सरळ. बिघडतं ते असं: वजन खांद्याला जड झालं की शरीर पळवाट काढतं, बरगड्या वर उघडतात, धड मागे जातं. मागे कललं की छातीचे मोठे स्नायू मदतीला येतात म्हणून बेल वर जाते खरी, पण किंमत कंबर मोजते. डाव्या हाताच्या तिसऱ्या प्रेसला हे दिसतं. चौथ्याला शेजारच्या आजींनाही दिसेल.

म्हणजे प्रेसपुरती पोर बरोबर होती. स्विंगपुरती चूक होती. आणि तिने एकच बेल बदलली, सगळ्यालाच.

हे लिहून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण मला खुपतंय ते कारण नाहीच, तो पाय खुपतोय. बेल पायाने सरकवली, जणू कागद सरकवावा. तिला मी बैठका शिकवल्या. झाडूची दांडी पाठीला लावून वाकायला मी शिकवलं, डोक्याला, पाठीच्या वरच्या भागाला आणि माकडहाडाला, तिन्ही ठिकाणी दांडी टेकलेली राहिली पाहिजे, एक जरी सुटलं तरी पुन्हा. भिंतीकडे पाठ करून, फूटभर अंतरावर उभं राहून कुल्ले मागे नेऊन भिंतीला टेकवायला मी सांगितलं. आणि आता ती माझ्या बाबतीत परस्पर ठरवते. ताईने तिला त्या रिपोर्टचं सांगितलं असेल का? सांगितलं असेल तर मग हे सगळं वजनाबद्दल नव्हतंच.

असो. ताईशी त्यावर बोलायचं तर ते फोनवर नको.

आपल्याला कोणी जपलं तर एवढं का झोंबावं? टाकून बोललेलं मी विसरते. हे जपणं विसरत नाहीये. तालमीत जड दगडी नाल उचलायला कोणाला बोलवत नाहीत, ज्याला वाटतं तो पुढे होतो, आणि ज्याच्याने उचलवत नाही तो स्वतःच हात झटकून मागे येतो. तो मागे येणंही त्याचंच असतं. आज माझं मागे येणं दुसऱ्याने उरकलं.

हिशोब करून बघितला. १२वरून १६वर जाणं म्हणजे एक तृतीयांशाने वाढ. १६वरून १२वर येणं म्हणजे एक चतुर्थांशाने घट. कागदावर उतरणं नेहमी कमीच दिसतं, कोणीतरी सोय करून ठेवल्यासारखं. डंबेल दोन-अडीच किलोंनी चढवता येतं, केटलबेलची जुनी मापं मोठ्या उड्यांची. १६ किलो म्हणजे जवळपास एक पूड, रशियातलं वजनाचं जुनं माप, १६.३८ किलो. तिथून पुढची पायरी दीड पूड, २४. एका दमात निम्म्याने जास्त. मधली २०ची आता मिळते म्हणा. म्हणूनच यात वजन सगळ्यात शेवटी वाढवायचं. आधी रेप्स (एका व्यायामाची आवर्तनं), मग राऊंड, मग विश्रांती थोडी कमी, आणि हे तिन्ही नीट झाल्यावर पुढची बेल. उतरतानाही तीच वाट उलट चालता येते. राऊंड कमी कर, विश्रांती वाढव, वजन राहू दे. हे तिला सुचलं नाही. किंवा सुचलं आणि... जाऊ दे.

आता त्या निळीबद्दल. १२ची हलकी म्हणून तिचा राग करण्यात अर्थ नाही, तिने काय केलंय! दोन हातांचा स्विंग तिच्यावर करू नये एवढंच. फार हलकी बेल हातांनीच उचलली जाते, खुब्याला काम उरत नाही आणि सवय बिघडते. पण तीच एका हाताने स्विंग करून बघावी. भार एका बाजूला, धड त्या बाजूला वळायला बघतं, त्याला वळू द्यायचं नाही. पोटाच्या तिरप्या स्नायूंना उत्तर द्यावं लागतं. गॉब्लेट बैठक १२वर सोपी वाटते ना? मग खाली जायला मोजून पाच सेकंद, खाली दोन सेकंद थांबायचं, कोपरं गुडघ्यांच्या आत, टाचा जमिनीला, मग वर. अशा आठ बैठकांना मिनिटाच्या वर लागतं. सहाव्या बैठकीला १२ किलो कोणी हलकी म्हणून दाखवावी.

आणि गेट-अप. आडवं पडून हात सरळ वर, त्या बाजूचा गुडघा मोडलेला. आधी दुसऱ्या कोपरावर यायचं, मग तळहातावर, कुल्ले उचलायचे, सरळ पाय खालून मागे न्यायचा, एका गुडघ्यावर थांबायचं, उभं राहायचं, आणि त्याच पायऱ्यांनी परत. अर्ध्या गुडघ्यावर येईपर्यंत नजर बेलवर. घाई होते ती परतताना, कारण उभं राहिलो म्हणजे झालं असं वाटतं. यासाठी मी १२चीच घेत आलेय आणि तिचा कधी अपमान वाटला नाही! आपण होऊन उचललेली निळी वेगळी आणि पुढे ठेवलेली वेगळी, हे आत्ता लिहितानाच दिसलं. थोडं हसू आलं.

बेल उलटी धरून प्रेस हा आणखी एक प्रकार. तळ वर, मूठ खाली. १२ची अशी धरली की नुसती तोलून धरण्यातच पंजा, मनगट आणि खांद्याभोवतीचे बारीक स्नायू कामाला लागतात. मागे कलून फसवताच येत नाही, तोल जातो. कलंडायला लागली तर वाचवायला जायचं नाही, सोडायची आणि बाजूला व्हायचं. भाचीने हे अजून केलेलं नाही. दंडात भरपूर ताकद आहे तिच्या, पण इथे दंडाला कोणी विचारत नाही.

तर मंगळवारचा कागद मी लिहितेय. दोन्ही बेल गच्चीवरच असतात, व्यायाम बदलताना बेल बदलायला कितीसा वेळ लागतो?

आधी गेट-अप, १२वर, दोन्ही बाजूंनी दोन-दोन, सावकाश. जे सगळ्यात नाजूक ते ताजेपणी. मग राऊंड: गॉब्लेट बैठका ८, १६वर. रो ८-८, १६वर, एक हात कट्ट्यावर, कोपर कानाकडे नाही, कमरेकडे खेचायचं. जोर ८, कंबर लोंबली की तिथेच थांबायचं, आठाचा आकडा गाठायला रेटायचं नाही. स्विंग १०, १६वर. १५ नकोत, सगळे दहा नीट हवेत. प्रेस ५-५, १२वर. बोटांना तेवढाच आराम. शेवटी कॅरी, १६, खांदे समान, बेलकडे झुकायचं नाही. तीन राऊंड. चौथा वाक्य न तुटता बोलता आलं तरच.

रो वगळायला ती नेहमी बघते, वजनाशिवायचं काहीतरी दे म्हणते. पण ढकलायला गच्चीवर जमीन आहे, ओढायला काहीच नाही. जोर कितीही मारले तरी पाठीचा वरचा भाग उपाशीच राहतो आणि खांदे पुढे येतात. टाकीच्या पाइपला लटकायचा तिचा बेत मी एकदा हाणून पाडलाय, तो पाइप माणसाचं वजन पेलायला बसवलेला नसतो. बर्पीही मी यात घातलेल्या नाहीत. दमल्यावर त्यात पाठ कशीही पडते, आणि खालच्या मजल्यावरच्या काकांची सकाळची झोप हा वेगळाच विषय आहे.

१६च्या मुठीवर पावसाळ्याचा गंज राहिलाय. बारीक पॉलिश पेपर फिरवून कोरड्या फडक्याने पुसायचा. तेलाचा हात मुठीला लावायचा नाही, घसरते.

आणि रबराची मॅट दुहेरी घालायची, उलटी प्रेस असेल तर नक्कीच. चायना मोझॅकवर बेल पडली तर टवका उडतो, तिथून पाणी आत जातं. मागच्या पावसात वरच्या मजल्यावर छत ओलं झालं तेव्हा अख्ख्या सोसायटीने आमच्या केटलबेलकडे बोट दाखवलं होतं. प्लंबरने फोडून बघितलं तर टाकीचा पाइप.