चार वाजताची रात्र

खानापूरच्या आमच्या घराच्या अंगणात डिसेंबरचे ऊन सकाळी आठच्या सुमारास तुळशीवर उतरते आणि मग सरकत सरकत, दुपारभर ओसरीच्या पायरीशी रेंगाळून, पाच वाजेपर्यंत मुक्काम ठोकून असते. लहानपणापासून पाहत आलेल्या या उन्हात सांगण्यासारखे काही आहे, असे मला कधी वाटले नव्हते. यंदा रजेवर आले तेव्हा पाहते तर अण्णा ओसरीवर खुर्ची टाकून बसलेले, आणि दारावरून जाणाऱ्या गल्लीतल्या प्रत्येकाला थांबवून विचारत होते, "किती वाजले?" समोरच्याने "चार" म्हटले की त्यांचा चेहरा खुलायचा.

"लंडनला चार वाजता रात्र होते."

"होय की काय मास्तर?"

"मग! दिवे लावून दुपारचा चहा प्यायचा."

मागच्या डिसेंबरात आई-अण्णा तीन आठवडे माझ्याकडे लंडनला राहून गेले, त्याचे हे सार. थेम्स नदी, राजवाडा, टॉवर ब्रिज हे सगळे त्यांनी रीतसर पाहिले आणि त्यासमोर उभे राहून फोटोही काढून घेतले. पण गल्लीला सांगण्याजोगी गोष्ट म्हणून अण्णांनी निवडली ती चार वाजताची रात्र, आणि विचार करता मला त्यांची निवड पटते.

उन्हाळ्यात या, असे मी परोपरीने सांगितले होते. पण जून म्हटले की आमच्याकडे कोसळणारा पाऊस आणि भाताची कामे. सुगी आटोपून भात घरात आल्याखेरीज आई उंबरा ओलांडत नाही. थंडीची भीती घालून पाहिली, तर अण्णांना ती अपमानास्पद वाटली. बेळगाव भागातल्या माणसाला आपल्या थंडीचा भारी अभिमान असतो. गरिबांचे महाबळेश्वर म्हणवून घेतलेला हा मुलूख. इंग्रजांनी १८१८ साली बेळगावचा किल्ला घेतल्यावर इथे छावणी वसवली ती इथली हवा पाहूनच, असे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. पारा १४-१५ अंशांवर उतरला की आमच्याकडे कानटोप्या निघतात, मफलर निघतात, गल्लीच्या तोंडाशी जाळ करून लोक शेकत बसतात. "आम्हाला थंडी काय शिकवतेस?" असे म्हणत अण्णा आईने विणलेला एकुलता एक स्वेटर घालून विमानतळाच्या दारातून बाहेर पडले, आणि सुमारे अर्ध्या मिनिटाने त्यांनी अगदी सहज विचारावे तसे विचारले, "टॅक्सी लांब आहे काय?"

खरे म्हणजे लंडनची थंडी आकड्यांत फार मोठी नाही. डिसेंबरातल्या दुपारी सात-आठ अंश असतात आणि बर्फ तर क्वचितच पडतो. छळते ती ओल, आणि तिच्याहूनही उजेडाचा दुष्काळ. २१ डिसेंबरच्या आसपास तिथे सूर्य आठ वाजता उगवतो आणि चारला सात मिनिटे कमी असताना मावळतो; म्हणजे दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा, जेव्हा खानापुरात तो सव्वाअकरा तासांच्या घरात असतो. तिथे नोकरी करणाऱ्याला याची सवय होऊन जाते, कारण तो अंधारात घर सोडतो आणि अंधारात परततो, मधला उजेड कचेरीच्या खिडकीपलीकडे कधी येऊन गेला हे त्याला कळतही नाही. मलाही कळत नव्हते. आई-अण्णांना शहर दाखवायला निघाले तेव्हा मात्र प्रत्येक तासाचा हिशेब सुरू झाला. दोघेही सवयीने साडेपाचला उठायचे आणि अडीच तास खिडकीशी बसून सूर्याची वाट पाहायचे. मग अंघोळी, देवपूजा, न्याहारी, वाटेत खाण्यासाठी पोळीभाजीचा डबा, अंगावर एकावर एक चार थर. एवढे होईतो साडेदहा वाजायचे. बसने पहिले ठिकाण गाठेपर्यंत बारा, आणि साडेतीनला उजेड मलूल होऊ लागायचा. 'तीन दिवसांत लंडन' असे सांगणारी पुस्तके मिळतात. ते दिवस जूनमधले असावेत.

अशा हिवाळ्यात आईला सगळ्यांत आवडलेली जागा म्हणजे क्यू गार्डन्समधले पाम हाउस. १८४४ ते १८४८ या काळात बांधलेले हे लोखंड आणि काचेचे प्रचंड घर उष्ण प्रदेशातल्या झाडांसाठी बारा महिने तापवून ठेवलेले असते. बाहेर बोचरा वारा होता आणि आम्ही खाली माना घालून चालत होतो. दार उघडून आत पाऊल टाकले मात्र, आई-अण्णा दोघांच्याही चष्म्यांवर एका क्षणात दाट वाफ धरली. दोघे जागीच थबकले. अण्णांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा वाफ. आईने तो खटाटोप केलाच नाही. चष्मा हातात धरून तिने नुसता एक लांब श्वास घेतला आणि म्हणाली, "पावसाळ्यातल्या कणकुंबीचा वास येतोय बघ." ओली माती, कुजकी पाने, गरम दमट हवा: मलप्रभा जिथे उगम पावते त्या आमच्या रानाचा वास मला त्या काचघरात कधीच आला नव्हता, खरे तर त्याआधी मी तिथे एकदाच, कुणा पाहुण्यांना दाखवायला म्हणून गेले होते.

आईने आधी मफलर काढला, मग कोट, मग स्वेटर, आणि ते सगळे माझ्या हातात देऊन ती केळीपाशी जाऊन उभी राहिली. शेजारी कोकोचे झाड होते, जगभरातल्या दुर्मीळ माडपोफळींची भाऊबंदकी सगळीकडे पसरली होती, अण्णा एकेक पाटी वाचून अक्षांश लावत होते. आई केळीपासून हलेना. बऱ्याच वेळाने मला म्हणाली, "पानं फाटलेली नाहीत." मी पाहिले. खरेच, आमच्या परड्यातल्या केळीची पाने वाऱ्याने चिरफाळून त्यांच्या झिरमिळ्या झालेल्या असतात, अख्खे पान हवे असेल तर कोवळे सुरळीतून सुटते न सुटते तोच कापावे लागते. इथली पाने शेंड्यापासून देठापर्यंत सलग, इस्त्री केल्यासारखी होती. "वारा लागू देत नाहीत हिला," आई म्हणाली. यात तिला कौतुक वाटत होते की दया येत होती, ते मला ओळखता आले नाही. आम्ही तिथल्या बाकावर तासभर बसलो. उरलेली बाग पाहायची राहिली.

अंधार पडल्यावर काय करायचे, हा हिवाळ्यातल्या पाहुणचाराचा दुसरा प्रश्न. बसच्या वरच्या मजल्यावर पुढच्या काचेशी बसून उगीचच फिरणे हा त्याचा सर्वांत स्वस्त आणि उबदार तोडगा आहे. दुसरा तोडगा संग्रहालये. ब्रिटिश म्युझियम शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत उघडे असते म्हणून एका शुक्रवारी आम्ही तिकडे गेलो, आणि अण्णांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे तिथले जुने जैन मंदिर, ही शाळेत असताना अण्णांची हुकमी सहल. त्या बस्तीसंबंधीचे, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातले १२०४ सालचे दोन शिलालेख ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहेत, आणि ते पाहायचेच, असा त्यांचा खानापुरातून निघतानाचा बेत होता. संग्रहातली प्रत्येक वस्तू दालनात मांडलेली नसते, आधी चौकशी करावी लागते, हे मी त्यांना सांगायला हवे होते. ती चूक माझी. आम्ही भारताचे दालन या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा पालथे घातले, पण ते शिलालेख काही दिसले नाहीत. "असू दे," अण्णा म्हणाले, "आठशे वर्षं झाली त्याला, अजून एक हेलपाटा." माझ्या चुका इथेच संपल्या नाहीत. २५ डिसेंबरला लंडनमध्ये बस, ट्यूब काहीच चालत नाही, हे मी इतकी वर्षे तिथे राहूनही विसरले, आणि नटूनथटून थांब्यावर उभे राहिलेल्या आम्हा तिघांना पुन्हा घरी येऊन चकल्या खात बसावे लागले.

२१ तारीख मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. अण्णांनी खानापूर तालुक्यातल्या शाळांत ३४ वर्षे भूगोल शिकवला, म्हणजे ३४ वर्षे दर जूनमध्ये फळ्यावर एक उभी रेघ मारून तिला शून्य अंश, ग्रिनिच, असे नाव दिले. त्या रेघेवर उभे राहायचे तर वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, असे त्यांनीच ठरवले, आणि नशिबाने त्या दिवशी आकाश निरभ्र होते. वेधशाळा टेकडीवर आहे. चढायला लागण्यापूर्वी खालच्या सपाट हिरवळीवर बारा वाजता त्यांनी आईला उभे केले आणि तिची सावली पावलांनी मोजली. पाच फुटांच्या आईची सावली अठरा फुटांच्या वर भरली. "सूर्य क्षितिजावर फक्त १५ अंश," अण्णा मला म्हणाले, जणू मी सातवीच्या वर्गात आहे, "आपल्याकडे आज तो ५१ अंशांवर असतो, माणसाची सावली माणसाहून आखूड. हिची बघ, भर दुपारी संध्याकाळची सावली." इतकी वर्षे मी त्या शहरात राहते. दुपारी बाराला आपली सावली किती पडते, हे मी कधी पाहिले नव्हते.

वर अंगणात जमिनीत बसवलेली ती रेघ आहे. १८८४ साली वॉशिंग्टनला देशोदेशींचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी जगाची रेखावृत्ते इथून मोजायची असे ठरवले. लोक रांगेने येऊन दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून फोटो काढत होते. अण्णांनी ते केले, आणि मग माझा मोबाइल मागून घेऊन त्यावर रेखांश पाहिला. शून्य नव्हता. रेघेवर उभे असताना मोबाइल थोडे पश्चिमेचे रेखांश दाखवत होता. मी शोधून वाचून दाखवले: जुनी रेघ त्या जागच्या ओळंब्यावरून, म्हणजे तिथल्या गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून ठरली, तर उपग्रहांचे मोजमाप पृथ्वीच्या वस्तुमानाच्या केंद्रावरून होते, म्हणून आजचे शून्य या रेघेच्या पूर्वेला १०२ मीटरवर पडते.

"म्हणजे रेघ सरकते तर," अण्णा म्हणाले. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाच्या तोंडून हे वाक्य आले की त्याला किती अर्थ फुटतात, ते तिकडच्या वाचकाला मी समजावून सांगायला नको.

आईचे या सगळ्याकडे लक्ष नव्हते. कठड्याशी उभ्या असलेल्या एका कुटुंबाच्या तोंडचे कन्नड तिच्या कानावर पडले होते, आणि "याव ऊरु निम्दु?", तुमचे गाव कोणते, असे विचारून ती केव्हाच त्यांच्यात मिसळली होती. मंडळी गोकाकची निघाली. मग तिथला धबधबा, तिथली करदंट मिठाई, कुणाची मुलगी खानापुरात दिली आहे, असे करत करत आमच्या डब्यातल्या दोन पोळ्या तिकडे गेल्या आणि तिकडची शेंगाचटणी आमच्याकडे आली. लंडनला आल्यापासून ती एवढे सलग बोलली नव्हती.

एवढ्यात एक वाजला. वेधशाळेच्या मनोऱ्यावर तांबडा गोळा आहे. तो एकला पाच मिनिटे असताना अर्ध्यावर चढतो, दोन मिनिटे असताना शेंड्याला जातो आणि एकच्या ठोक्याला खाली पडतो. नदीतल्या जहाजांना घड्याळे लावता यावीत म्हणून १८३३ पासून हे चालू आहे. गोळा पडला. सगळ्यांनी मोबाइल पाहिले. अण्णांनी हातातले घड्याळ सोडले.

हे घड्याळ एचएमटीचे, लग्नातले, आकडे नसलेले, नुसत्या रेघांचे. लंडनला आल्यापासून ते भारताच्या वेळेवरच होते, आणि येताजाता "किती वाजले गं?" असे मला विचारणे चालू होते. वेळ बदलून देते म्हटले तर, "परत जायचंच आहे, दोनदा कशाला पिळायचं?" असे उत्तर मिळे. त्या वेळी त्यात साडेसहा वाजले होते. अण्णांनी ते तळहातावर उलटे धरले, बाराची बाजू खाली, सहाची वर. मोठा काटा बरोबर वर आला. लहान काटा बारा आणि एकच्या मध्ये, जरासा मागे रेंगाळलेला, पण समजून घेण्याइतका. एक.

"साडेपाच तासांचा फरक असला की जमतं," ते म्हणाले. "उन्हाळ्यात हे लोक घड्याळं तासभर पुढे करतात, मग फरक साडेचाराचा होतो, जमत नाही. म्हणून हिवाळ्यात यायचं." मग मला किती वाजले ते का विचारत होता, असे मी म्हटले. ते नुसते हसले आणि घड्याळ मनगटाला बांधू लागले.

काल संध्याकाळी मी ओसरीवर बसले होते. ऊन केव्हाच गेले होते, समोरच्या घरात दिवा लागला होता, गल्लीत कुणी तरी जाळ पेटवत होते. अण्णांनी खुर्ची उचलायच्या आधी मनगटावरचे घड्याळ काढले, उलटे धरून दिव्याच्या उजेडात पाहिले आणि म्हणाले, "पडला."

आई आतून ओरडली, "काय पडलं हो?"