आवाज हवा, माणूस नको

"गाणे ऐकावे आणि सोडून द्यावे, गाणाऱ्याच्या घरात कशाला डोकवायचे?" असे दादा काल रात्री जेवताना सहज म्हणून गेला, आणि ते वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही. मला दुखवण्याचा त्याचा हेतू नव्हता. माझ्याविषयी त्याला सारे ठाऊक आहे आणि त्यावरून तो कधी वावगे बोललेला नाही. कदाचित म्हणूनच ते अधिक लागले. वहिनीने लगेच विषय का बदलला, त्याविषयी आज लिहिणार नाही.

विषय अमेरिकन रॅपर लिल नास एक्सचा निघाला होता. २०१९ साली त्याचे 'ओल्ड टाउन रोड' अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत सलग १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते, आणि ते तिथे असतानाच, ३० जूनला, त्याने आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. गाणे आधीच लोकांच्या ओठांवर होते, मग हे सांगण्याची गरज काय होती, असे दादाचे म्हणणे. पण रॅप करणारा आपले नाव, आपली गल्ली, आईचे कष्ट, वैरी, कमावलेला पैसा असे सगळे स्वतःच्याच तोंडाने सांगतो. त्यात खोट आढळली तर त्याच्या जगात त्याची किंमत उरत नाही. ज्या कलेत खरेपणाचा एवढा आग्रह धरला जातो, तिथे आपले प्रेम कोणावर आहे एवढेच त्याने झाकून ठेवावे, ही अपेक्षा मला फार क्रूर वाटते.

झाकून ठेवणाऱ्यांचे काय होते, हेही दिसतेच. रॅपर दा ब्रॅट यांचा 'फंकडिफाइड' हा अल्बम १९९४ साली आला आणि प्लॅटिनम, म्हणजे दहा लाख प्रतींचा टप्पा गाठणारा, ठरला. एकट्या स्त्री रॅपरला तोवर ते जमले नव्हते. त्यांनी आपल्या जोडीदार स्त्रीविषयी उघडपणे सांगितले ते २०२० साली. मधल्या २६ वर्षांत किती मुलाखतींत त्यांनी उत्तरे टाळली असतील, किती वेळा हसून विषय बदलला असेल, हे मी आज दिवसभर मनात घोळवत होतो आणि मग ते दुःख त्यांचे की माझे, हेच कळेनासे झाले.

बिग फ्रीडिया यांची गोष्ट मला याहून जास्त बोचते. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराच्या वस्त्यांतून आलेल्या बाउन्स या नाचत्या रॅप-संगीतात केटी रेड या ट्रान्स स्त्रीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस माइक हातात घेतला आणि तिच्या मागे नाचणारे, स्वतः समलिंगी असलेले बिग फ्रीडिया पुढे स्वतः त्या संगीताची ओळख बनले. २०१६ साली गायिका बियॉन्सेच्या 'फॉर्मेशन'मध्ये त्यांचा आवाज आहे, २०१८ साली रॅपर ड्रेकच्या 'नाइस फॉर व्हॉट'मध्येही आहे. दोन्ही गाण्यांच्या व्हिडिओंत त्यांचा चेहरा मात्र नाही. आवाज घेताना कोणाची अडचण झाली नाही. दादाच्या बोलण्यात नेमके हेच होते आणि मला ते काल त्याला सांगता आले नाही, कारण सांगायला लागलो असतो तर रॅपविषयी बोलणे बाजूलाच राहिले असते.

संध्याकाळी ड्रेकचा त्याच वर्षीचा 'इन माय फीलिंग्ज'चा व्हिडिओ पाहिला. तो न्यू ऑर्लिन्समध्येच चित्रित झाला आहे आणि त्यात बिग फ्रीडिया दिसतात. पाहून मन थोडे निवळले. रॅपर जे-झीच्या २०१७ च्या 'स्माइल'मध्ये तो आपली आई स्त्रीवर प्रेम करते असे सांगतो आणि गाण्याच्या शेवटी ती माउली स्वतःच्या आवाजात बोलते, तेही पुन्हा ऐकले. तिच्या मुलालाही हे गाण्यात सांगायला बरीच वर्षे लागली, मग दादाकडून एका रात्रीत सारे समजून घेण्याची अपेक्षा मी का ठेवावी? त्याला वेळ लागेल, आणि तो मी द्यायला तयार आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत रॅपर डोईची यांना सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचे ग्रॅमी मिळाले. आपण उभयलैंगिक असल्याचे त्या उघडपणे सांगतात. त्यांचा तो अल्बम दादाला आवडेल, याविषयी मला शंका नाही. उद्या त्याला पाठवणार आहे, आणि गाण्यांसोबत त्यांच्याविषयीही लिहिणार आहे.