दगडावर आकडा होता, नावे शोधायची होती

महाड तालुक्यातील आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे. ही इमारत पूर्वी गावची चावडी होती. पाटीवरील मजकूर इंग्रजीत असून त्याचा अर्थ एवढाच, की 1914 ते 1919 च्या महायुद्धात या गावातून इतके पुरुष गेले आणि त्यांपैकी पाच जणांनी प्राण दिले. रायगड, रत्नागिरी आणि सातारा या जिल्ह्यांत अशा पाट्या गावोगाव आढळतात. मजकूर जवळपास सगळीकडे सारखाच, फक्त गेलेल्यांचा आणि मेलेल्यांचा आकडा निराळा. साताऱ्याजवळच्या अपशिंगे (मिलिटरी) गावचा 46 हा आकडा पुष्कळांना ठाऊक आहे, आणि आमच्याच तालुक्यातले फौजी आंबवडे तर घरटी सैनिकासाठी प्रसिद्ध आहे. आमचे गाव त्या मानाने लहान. तरीही स्वातंत्र्यदिनी आणि प्रजासत्ताकदिनी झेंडावंदन झाले, की सरपंच या पाटीला हार घालतात, नारळ फुटतो आणि शाळेची मुले ‘अमर रहे’ म्हणतात. कोण अमर रहे, हे मात्र कोणालाच सांगता येत नसे, कारण पाटीवर एकही नाव नाही.

हायस्कुलातून निवृत्त झाल्यावर मी मुंबई मंडळाच्या सभेत असे सुचवले, की या पाच जणांची नावे आपण शोधून काढावीत आणि दरवर्षी एका ठरावीक दिवशी ती पाटीसमोर मोठ्याने वाचावीत. काही तरुणांनी आक्षेप घेतला. इंग्रजांच्या साम्राज्यासाठी जे लढले, त्यांना आपण कशाला मान द्यायचा, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो गैर नव्हता. माझे उत्तर असे होते, की शिपायाला तेव्हा महिना अकरा रुपये मिळत. डोंगरउतारावरच्या एका पिकाच्या भातशेतीवर जगणाऱ्या घराला ते अकरा रुपये म्हणजे मोठा आधार होता आणि त्या आधारासाठी एक धाकटा मुलगा पलटणीत जात असे. आपण मान साम्राज्याला देत नाही, त्या मुलाला देतो. आपल्याच शिवेवर, भैरीच्या देवळामागे दोन वीरगळ आहेत. खाली लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. ते कोणत्या राजासाठी पडले, हे आपण कधी विचारत नाही, पण दसऱ्याला त्यांना शेंदूर लावतोच. सभेने होकार दिला आणि पुढे ग्रामसभेतही तसा ठराव झाला.

शोध कोठून सुरू करायचा, हे मला एका निवृत्त सुभेदारांनी सांगितले. दोन्ही महायुद्धांत मरण पावलेल्या राष्ट्रकुलातील सैनिकांच्या नोंदी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही संस्था ठेवते आणि त्या संगणकावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. हिंदी सैनिकांच्या पुष्कळ नोंदींमध्ये नाव, हुद्दा, क्रमांक, पलटण आणि मृत्यूची तारीख यांच्याबरोबर ‘अमक्याचा मुलगा, अमुक गाव, अमुक तालुका, जिल्हा कुलाबा, मुंबई इलाखा’ अशी एक ओळही असते. ही ओळ म्हणजे सगळ्या शोधाचा गाभा. रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा होता, हे ध्यानात ठेवले नाही तर हाती काहीच लागत नाही.

आडनावावरून शोधण्याचा फारसा उपयोग होत नाही. पलटणीच्या कारकुनाने जसे ऐकले तसे रोमन लिपीत लिहिले आहे. एकच पवार तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो, शिंद्यांचे ‘सिंदे’ होतात, आणि कित्येकांचे आडनावच नाही, नुसते ‘रामा’ किंवा ‘पांडू’. म्हणून मी उलट बाजूने गेलो. पहिले महायुद्ध, मराठ्यांच्या पलटणी आणि तालुका महाड एवढेच धरून यादी उतरवून घेतली, ती कागदावर छापली आणि प्रत्येक ओळीतील गावाचे नाव मोठ्याने वाचत गेलो. डोळ्यांना न ओळखू येणारे गावाचे नाव कानाला ओळखू येते. आमच्या गावाचे नाव त्या यादीत दोन निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिलेले होते आणि दोन्ही तऱ्हा वाचल्यावरच उमगल्या.

अशा रीतीने प्रथम तीन नावे मिळाली. दोघे 110 व्या आणि 117 व्या मराठा पलटणीतले, दोघांचीही मृत्यूची तारीख 22 नोव्हेंबर 1915. तिसरा 103 व्या पलटणीतला, 1916 च्या उन्हाळ्यानंतर मेलेला. तिघांचेही स्मारक एकच : आजच्या इराकमधील बसरा.

आमच्याकडे जुनी माणसे ‘बसऱ्याला गेला’ असे म्हणत, ते मी लहानपणापासून ऐकले होते, पण त्यामागचा इतिहास मला या निमित्ताने नीट वाचावा लागला. पुण्याची सहावी डिव्हिजन जनरल टाउनशेंडच्या हाताखाली टायग्रिस नदीकाठाने बगदादकडे निघाली. तिच्यात 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी होत्या. बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे 22 नोव्हेंबर 1915 रोजी लढाई जुंपली आणि टाउनशेंडच्या सैन्यातील साडेचार हजारांच्या आसपास माणसे मेली किंवा जखमी झाली. उरलेले सैन्य मागे हटत कूत या गावी पोहोचले, तेथे तुर्कांनी त्याला वेढा घातला आणि 29 एप्रिल 1916 रोजी अन्न संपल्यावर त्याला शरण जावे लागले. त्यानंतरच्या वाळवंटातील चालीत आणि कैदेत किती माणसे गेली, त्याला सुमार नाही. आमचा तिसरा मनुष्य त्यांतला असावा, असे त्याच्या पलटणीवरून आणि तारखेवरून दिसते.

बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे, ज्यांच्या कबरी ठाऊक नाहीत अशांची. 1929 मध्ये त्याचे अनावरण झाले, तेव्हा ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे भिंतीवर कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आकडा कोरला गेला आणि त्यांची नावे केवळ छापील नोंदवहीत राहिली. म्हणजे आमच्या चावडीवर जे झाले, तेच तेथेही झाले होते. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. कमिशनने 2021 च्या एप्रिलमध्ये स्वतःच एक अहवाल प्रसिद्ध करून ही विषमता मान्य केली; पंचेचाळीस ते चोपन्न हजार मृतांना, आणि त्यांत हिंदी पुष्कळ, बरोबरीचा मान दिला गेला नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी त्याबद्दल संसदेत क्षमा मागितली. क्षमा मागितली हे योग्यच झाले, पण आपल्या गावातील आकड्याचे नाव करणे हे काम आपलेच आहे, असे मला तेव्हापासून ठामपणे वाटत आले आहे.

कागदावरचे नाव मिळाले, तरी घर सापडले असे होत नाही. एकाच नावाची माणसे चार वाड्यांत असतात. जुन्या नोंदींसाठी मी ज्या एका सरकारी कार्यालयात गेलो, तेथे मला या टेबलावरून त्या टेबलावर पाठवण्यात आले आणि शेवटी तेवढ्या जुन्या काळाचे दप्तरच नसल्याचे सांगण्यात आले. तेव्हा वंशावळींचाच आधार घ्यावा लागला. बापाचे नाव, वाडी आणि निपुत्रिक किंवा ‘परदेशी वारलेला’ असा कोणी भाऊ घराण्यात होता का, एवढे विचारत घरोघर फिरणे, हाच या कामातला सर्वांत मोठा आणि सर्वांत फलदायी भाग ठरला.

वरच्या वाडीतील एका आजींनी माझे सगळे ऐकून घेतले, आत जाऊन देवघरातून एक जड पितळी रंगाची चकती आणली आणि माझ्या हातावर ठेवली. तळहाताहून थोडी मोठी, कडेला हळदीकुंकवाची पुटे बसलेली. मधोमध हातात माळ घेतलेली एक स्त्री, तिच्या पायाशी सिंह. ओल्या फडक्याने पुसल्यावर उजव्या बाजूच्या चौकटीत उठावाची रोमन अक्षरे दिसू लागली आणि मी ती वाचली. ते आमच्या यादीतील दुसरे नाव होते. ब्रिटिश सरकारने युद्धानंतर मृतांच्या घरी अशा काशाच्या चकत्या पाठवल्या होत्या. त्यांवर हुद्दा नसे, नुसते नाव असे.

“आजी, हे तुमच्याकडं कुठून आलं?” मी विचारले.

“ठाव नाय, मास्तर. सासूबाय सांगायची, ह्यो आपला लढायवाला. पुजायचा, इचारायचा नाय. नवमीला, दसऱ्याला हळदकुकू घालते मी.”

मी त्यांना नाव वाचून दाखवले. त्यांनी ते दोनदा म्हटले आणि मग, “म्हंजे माझ्या आजेसासऱ्याचा धाकला भाव,” असे म्हणून चकती पुन्हा देवापुढे नेऊन ठेवली. शंभर वर्षे त्या घराने त्या मुलाची पूजा केली होती, त्याचे नाव ठाऊक नसताना.

चौथे नाव मराठा पलटणीच्या यादीत नव्हते. मी यादी रुंदावून पलटणीची अट काढून टाकली, तेव्हा खेचरांच्या वाहतूक तुकडीतील एक ‘ड्रायव्हर’ सापडला, 1918 मध्ये मेलेला. मृत्यूचे कारण नोंदीत नाही. त्याचे घर बौद्धवाडीत निघाले. त्या घरातील माणसांना आपला एक पूर्वज बसऱ्याला गेल्याचे ठाऊक होते, परंतु चावडीवरील आकड्यात तो धरलेला आहे, हे त्यांना कोणी कधी सांगितले नव्हते, आणि पाटीला हार घालण्याच्या कार्यक्रमाला त्या वाडीला कधी आवर्जून बोलावलेही गेले नव्हते. मला हे लिहिताना वाईट वाटते. आघाडीवर दारूगोळा, पाणी आणि भाकरी पोहोचवणारा मनुष्य बंदूक धरणाऱ्याच्या बरोबरीनेच मेला. आकडा कोरणाऱ्याने निदान त्याला मोजले होते. आता नावांचे वाचन त्या घरातील मुलगी करते, कारण तिचा आवाज स्पष्ट आहे आणि ती न अडखळता वाचते.

दिवस कोणता धरायचा, यावर बराच खल झाला. जगभर 11 नोव्हेंबर पाळतात, कारण 1918 मध्ये त्या दिवशी युद्ध थांबले. पण आमच्या गावाला ती तारीख आपली वाटेना. काहींनी भाद्रपद वद्य चतुर्दशी सुचवली, कारण शस्त्राने मेलेल्या पितरांचे श्राद्ध त्या तिथीला करतात. सूचना शास्त्राला धरून होती, परंतु श्राद्ध घरोघरचे असते आणि आम्हांला गावाचा दिवस हवा होता. शेवटी पंचांगानेच वाट दाखवली. आमच्या भटजींना मी चौघांच्याही मृत्यूच्या तारखा देऊन तिथ्या काढायला सांगितल्या होत्या, कारण घरच्यांना त्या हव्या होत्या. तिथी ठाऊक नसल्यामुळे आजवर या सगळ्यांचे पान सर्वपित्री अमावास्येलाच वाढले जात होते. 22 नोव्हेंबर 1915 ही कार्तिक वद्य प्रतिपदा निघाली. म्हणजे टेसिफॉनवर चाल करून जाण्याची आदली रात्र त्रिपुरी पौर्णिमेची होती. त्या रात्री सैन्य चांदण्यात कूच करीत होते आणि आमच्या भैरीच्या दीपमाळेवर त्याच रात्री त्रिपूर पाजळला जात होता. यापुढे चर्चेची गरज उरली नाही.

आता दरवर्षी त्रिपुरी पौर्णिमेला दिवेलागणीच्या आधी गाव ग्रामपंचायतीसमोर जमतो. जुनी पाटी आम्ही बदललेली नाही. तिच्यावर वर्षानुवर्षे चढलेला ऑइलपेंट हलक्या हाताने, आम्ल न वापरता काढला आणि तिच्याखाली नावांची दुसरी पाटी मराठीत बसवली. एकेक नाव, बापाचे नाव, वाडी, पलटण, तारीख आणि तिथी असे वाचले जाते. नाव वाचले, की त्या घरातील कोणीतरी पुढे येऊन पणती लावतो. गावातले माजी सैनिक गणवेशावरची पदके लावून सलामी देतात आणि ‘बोल छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही पलटणीची घोषणा होते. भाषण नाही, सत्कार नाही, पाहुणे नाहीत. तसा नियमच आम्ही लिहून ठेवला आहे, कारण एकदा भाषणे शिरली, की नावे मागे पडतात. तेथून सगळे दीपमाळेकडे जातात. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला आलेले असतात, त्यामुळे कार्तिकात मुंबईहून थोडेच जण येतात, याची खंत आहे. परंतु त्या चारही घरांतून कोणी आले नाही, असे अजून एकदाही झालेले नाही.

पाचवे नाव मिळालेले नाही. वाचनात त्याच्या जागी ‘पाचवा, याच गावचा’ एवढेच म्हटले जाते आणि त्याची पणती सरपंच लावतात. तो मराठा पलटणीत नसून आरमारात किंवा व्यापारी जहाजावर खलाशी असू शकेल. कोकणातले असे कित्येक खलाशी बुडाले आणि त्यांची नोंद मुंबईत मस्जिद बंदर भागातील इंडियन सेलर्स होममध्ये असलेल्या स्मारकात आहे. ती यादी आणि फ्रान्समधील न्यूव्ह शापेलच्या स्मारकाची यादी मी सध्या वाचतो आहे. महाड तालुक्याच्या नोंदी चाळताना ज्यांचे गाव मला ओळखता आले नाही, अशी पुष्कळ नावे मी एका वेगळ्या वहीत पलटण आणि बापाच्या नावासह उतरवून ठेवली आहेत. ती वही आमच्या ग्रामपंचायतीत असते. आजूबाजूच्या ज्या गावांच्या भिंतीवर अशी पाटी असेल, त्यांनी आपल्या वाड्यांची जुनी नावे सांगणारे एखादे वयस्कर माणूस बरोबर घेऊन यावे आणि ती मोठ्याने वाचून पाहावी.